इंजिन जपायचे, तर त्याच्या बॉयलरात शिरणाऱ्यालाही जपा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वाफेची इंजिने पुन्हा धावावीत, नेरळ-माथेरानच्या गाडीला निदान रविवारी तरी कोळशाचे इंजिन लागावे, ही मागणी वाचकांच्या पत्रांतून आणि पर्यटनाच्या लेखांतून वरचेवर होत असते. तिच्यामागचे प्रेम खरे आहे, आम्हालाही ते आहे. पण या मागणीत कोळशाचा खर्च धरलेला असतो, तिकिटाचा दर धरलेला असतो, डब्यांना कोणता रंग द्यायचा तेही ठरलेले असते. फेरी संपवून परतलेल्या इंजिनाच्या पोटात कोणी शिरायचे, किती वेळ आणि कोणत्या अवस्थेत, याबद्दल मात्र एक ओळही नसते. म्हणून हे पत्र.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८७९ मध्ये परळला इंजिन दुरुस्तीचा कारखाना उभारला. त्याआधी १८६२ मध्ये बिहारमधील जमालपूरचा कारखाना सुरू झाला होता. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या इंजिनांसाठी आपल्याकडे कुर्डुवाडी होते. अशा कारखान्यांत बॉयलर शॉप, लोहारकाम, ओतकाम, चाकांचे शॉप, जोडणीचे शॉप असे विभाग वेगवेगळे असत. डोक्यावर क्रेन असे, हाताशी तीन पिढ्यांचे कसब असे. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी थांबली आणि मोठ्या कारखान्यांनी डिझेल-विजेची कामे घेतली. आता वाफेचे काम उरले आहे ते हरियाणातल्या रेवाडीच्या १८९३ पासूनच्या शेडमध्ये, दार्जिलिंगच्या गाडीसाठी तिंधारियाला, निलगिरीच्या गाडीसाठी कुन्नूरला आणि अधूनमधून एखाद्या मोठ्या कारखान्याच्या कोपऱ्यात.

येथे कायद्याची एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्या करताना रेल्वेचे रनिंग शेड त्यातून वगळले होते. तेव्हा ते समजण्यासारखे होते. शेडमध्ये इंजिनाला कोळसा-पाणी द्यायचे, आग लावायची, किरकोळ दुरुस्ती करायची. जड काम कारखान्यात. आज वारसा इंजिनांची जड कामेही शेडमध्येच उरकली जातात. काम कारखान्याचे, धोका कारखान्याचा, पण पाटी शेडची. म्हणून वारसा इंजिन जिथे जिथे उघडले जाते, ती जागा कारखाना समजून सगळे नियम लागू करावेत, ही आमची पहिली मागणी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

रेवाडीच्या ‘अकबर’सारख्या डब्ल्यूपी वर्गाच्या (ब्रॉडगेजच्या प्रवासी गाड्यांच्या) इंजिनाचा बॉयलर दर चौरस इंचाला २१० पौंड दाबावर चालतो. त्या दाबाला आतले पाणी साधारण २०० अंश सेल्सिअसवर असते. फेरी संपली, आग खाली पाडली, काटा शून्यावर आला, म्हणजे बॉयलर थंड झाला असे बाहेरच्या माणसाला वाटते. तसे नसते. शून्य दाबालाही पाणी उकळत्याच्या आसपास असते. फायरबॉक्समधली, म्हणजे आग पेटते त्या पेटीतली, विटांची कमान तर पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ उष्णता धरून ठेवते. मोठा बॉयलर आपोआप निवायला पूर्ण एक दिवस तरी द्यावा लागतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हा वेळ कमी करायचे दोनच मार्ग आहेत आणि दोन्ही वाईट. गरम बॉयलरात गार पाणी सोडले तर आगीचा धूर वाहून नेणाऱ्या ट्यूब आणि त्या जिच्यात बसवलेल्या असतात ती ट्यूबप्लेट वेगवेगळ्या वेगाने आकसतात, ट्यूबची टोके सैल पडतात आणि पुढच्या आगीला गळू लागतात. पत्र्यांना बांधून ठेवणारे स्टे तडकतात ते वेगळेच. दुसरा मार्ग म्हणजे बॉयलर गरम असतानाच माणूस आत पाठवणे. शनिवारी फेरी, रविवारी फेरी आणि सोमवारी तपासणी असे वेळापत्रक छापले, की यांपैकी एक गोष्ट होणारच. दोष फिटरचा नसतो, तो वेळापत्रकात आधीच लिहिलेला असतो.

निवल्यावर धुणे येते. चारी बाजूंचे वॉशआउट प्लग (धुण्यासाठीची बुचे) काढायचे, क्राउनच्या, म्हणजे फायरबॉक्सच्या छताच्या, वरून सुरुवात करून खाली यायचे, जोराच्या धारेने आणि सळ्यांनी गाळ मोकळा करायचा. सगळ्यात जास्त गाळ साठतो तो फायरबॉक्सच्या भोवतालच्या अरुंद पाण्याच्या कप्प्यांत, तळाच्या कोपऱ्यांत. तेथे धार वळवून पोचवावी लागते आणि आरसा-दिवा धरून बघावे लागते. हे काम करणारा खलाशी (रेल्वेतला मदतनीस कामगार) तासन्‌तास रुळांखालच्या ओल्या पिटमध्ये, म्हणजे खड्ड्यात, उभा असतो. पायाखाली तेल, राख आणि क्षारांचा चिखल. गमबूट नसतील, पिटातून पाणी वाहून जायला नीट उतार नसेल, तर तो घसरतो किंवा पायाची कातडी सोलून घेतो. पाण्यात सोडा किंवा इतर रसायन घातलेले असेल, तर वरून पडणारे पाणी डोळ्यांत जाऊन जळजळ होते. चष्मा द्यायला फार खर्च येत नाही. पण वाफाळलेल्या जागी साध्या चष्म्यावर धुके जमते आणि माणूस तो काढून ठेवतो, म्हणून धुके न धरणारा, कडेने हवा खेळणारा चष्मा लागतो. खरेदीच्या कागदावर हे तपशील नसले, की चष्मे कपाटात पडून राहतात आणि ‘कामगारच वापरत नाहीत’ असा शेरा मारून विषय संपवला जातो.

धुण्यात कसूर झाली तर काय होते? क्षाराची पापडी उष्णता अडवते. क्राउनचा पत्रा पाण्यात बुडालेला असूनही पापडीमुळे तापतो, मऊ पडतो, खाली फुगतो. क्राउनमध्ये शिशाचा प्लग असतो. शिसे ३२७ अंशाला वितळते. पाणी क्राउनच्या खाली गेले की प्लग वितळून वाफ आगीवर सुटावी आणि फायरमनला इशारा मिळावा, ही योजना. पण प्लगवरही पापडी चढली, तर तो वेळेवर काम करत नाही. म्हणून धुलाईच्या वेळी प्लग काढून बघायचे आणि ठरलेल्या मुदतीत नवे भरलेले बसवायचे. हे प्लग भरणारा माणूस उघड्या भांड्यात शिसे वितळवतो. त्या टेबलावर धूर ओढणारा पंखा असला पाहिजे, तेथे चहा-बिडी चालता कामा नये आणि त्याच्या रक्तातील शिशाची तपासणी ठरलेल्या काळाने झाली पाहिजे. शिशाची विषबाधा ही कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या व्याधींपैकी आहे, हे शेडमधल्या कितीजणांना कोणी सांगितले आहे?

फायरबॉक्समध्ये शिरण्याची वाट म्हणजे कोळसा टाकण्याचे दार. अंगाने सडपातळ माणूसही हात पुढे करून, खांदे तिरके करूनच आत जातो. बाहेर येतानाही तसेच. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच दारातून त्याला ओढून काढावे लागते. कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये अशा बंदिस्त जागेबद्दल स्पष्ट लिहिले होते: आत वायू नाही असे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र हवे, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोराला बांधलेला पट्टा हवा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती हवे. त्याला जोडलेल्या ३६-अ मध्ये म्हटले होते की पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर आत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा न्यायचा नाही. ओला लोखंडी पत्रा, घामाने भिजलेले अंग आणि सोललेल्या वायरीचा २३० व्होल्टचा बल्ब हे एकत्र आले, तर वाचण्याची संधी फार थोडी. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि जाळीचे दिवे ही महाग वस्तू नाही. तो ट्रान्सफॉर्मर मात्र बॉयलरच्या बाहेर ठेवायचा असतो. सोयीसाठी तो आतच नेऊन ठेवला, तर २३० व्होल्टची वायर पुन्हा आत आलीच.

आत जाण्याआधी आणखी तीन गोष्टी लागतात. शेजारच्या इंजिनावरून किंवा शेडच्या नळातून वाफ घेण्यासाठी जोडलेली नळी नुसता व्हॉल्व्ह बंद करून सोडायची नाही. ती सोडवायची किंवा जोडात आंधळी चकती घालायची, कारण व्हॉल्व्ह गळतात. रेग्युलेटरवर (सिलिंडरकडे वाफ सोडणाऱ्या दांडीवर) आणि ब्लोअरच्या (वाफेने आगीला ओढ देणाऱ्या नळीच्या) चाकावर कुलूप लावून आतल्या माणसाच्या नावाची पट्टी अडकवायची आणि किल्ली त्याच्याच खिशात ठेवायची. शिवाय विटांची कमान आधी बाहेरून सळईने ठोकून बघायची. सुटलेली वीट डोक्यावर पडते आणि कमान फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाते, म्हणून वीट आधी भिजवायची. आत काम करणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर काढायचे, तेवढाच वेळ सावलीत बसवायचे, मीठ-साखरेचे पाणी द्यायचे. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली बाहेरच इतके तापलेले असते, की भट्टीच्या आतल्या माणसाला आपण थकलो आहोत हे कळायच्या आत चक्कर येते. हा वेळ जॉब कार्डावर कामाचा वेळ म्हणून लिहिला गेला पाहिजे. तो लिहिला जात नाही, तोवर कोणी विश्रांती घेत नाही.

आवाजाकडे सर्वात कमी लक्ष जाते. स्टे बदलायचा तर जुना कापायचा, नवा आटे पाडून बसवायचा आणि टोक हवेच्या हातोड्याने ठोकून पसरवायचे. ट्यूबची टोके एक्सपांडरने फुगवून भोकात घट्ट करायची आणि कडा वळवायची. ट्यूब शेकड्यांत असतात, म्हणजे हेच काम दिवसचे दिवस. बाहेर एक जण ठोकतो आणि आत दुसरा टेकण धरून बसलेला असतो. त्याच्यासाठी तो बॉयलर म्हणजे बंद घंटा. १८८६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी १०० बॉयलर कारागिरांचे कान तपासले, तेव्हा एकाचेही ऐकणे पूर्ण शाबूत निघाले नव्हते. इतकी जुनी, इतकी स्पष्ट गोष्ट आहे. तरीही कानात कापसाचा बोळा घालून काम चालते. कापूस काही अडवत नाही. आत बसणाऱ्याला कानातले बूच आणि वरून कान पूर्ण झाकणारे आवाजरोधक कप, दोन्ही लागतात, आणि भरतीच्या वेळी एकदा व मग दर वर्षी श्रवणचाचणी लागते. ऐकू येईनासे झाल्यावर केलेली पहिली चाचणी फक्त नुकसान मोजते. या धंद्यात कान हे हत्यारही आहे. स्टे शाबूत आहे की तुटला, चाकावरचा लोखंडी टायर घट्ट आहे की सैल, हे छोट्या हातोडीच्या आवाजावरून ओळखतात. चांगला स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. बहिरा झालेला परीक्षक तुटका स्टे चांगला म्हणून सोडून देईल, आणि हा धोका मग गाडीतल्या प्रवाशांपर्यंत जातो.

स्टेच्या टोकाला मधोमध एक बारीक भोक पाडलेले असते. स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी-वाफ झिरपते आणि दोष कळतो. गळती दिसू नये म्हणून ते भोक खिळा ठोकून बंद करण्याची वाईट सवय काही ठिकाणी असते. ज्याच्यावर ‘शुक्रवारपर्यंत इंजिन द्या’ असा दबाव असतो, तोच हे करतो. रेल्वेच्या इंजिनांचे बॉयलर रेल्वेचेच बॉयलर निरीक्षक तपासतात. आमचे म्हणणे असे, की हा निरीक्षक फेऱ्या ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली नसावा आणि त्याने नाकारलेले इंजिन कोणाच्याही फोनवर वाफेला चढू नये.

पाण्याच्या दाबाची चाचणी घेतानाही असेच. कामाच्या दाबाच्या सव्वापट ते दीडपट दाब देतात. २१० पौंडाच्या बॉयलरला म्हणजे सुमारे २६० ते ३१५ पौंड. पाणी दबत नाही, म्हणून पत्रा फाटला तरी धार उडून दाब लगेच उतरतो. पण वरच्या भागात हवा कोंडून राहिली असेल, तर ती स्प्रिंगसारखी ताकद साठवते आणि प्लग गोळीसारखा सुटतो. सर्वात उंच जागेचा प्लग पाणी बाहेर येईपर्यंत उघडा ठेवायचा, मगच पंप मारायचा, आणि दाब चढत असताना प्लगसमोर कोणी उभे राहायचे नाही.

चाकांच्या आणि बेअरिंगच्या कामाबद्दल थोडक्यात. टायर चाकाच्या मापाहून व्यासाच्या हजाराव्या भागाइतका लहान कातून, गॅसच्या कड्याने तापवून चढवतात. मोठ्या चाकाला हा फरक दीड मिलिमीटरच्या आसपास येतो. तेथे जळण्याचा धोका उघड दिसतो म्हणून माणसे जपून असतात. अ‍ॅक्सलबॉक्समध्ये (चाकाच्या आसाच्या बेअरिंगच्या पेटीत) व्हाइट मेटल हा बेअरिंगचा मऊ मिश्रधातू ओतताना अपघात होतो तो पळीवरच्या किंवा साच्यातल्या पाण्याच्या एका थेंबाने. थेंबाची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उडतो. पळी आणि साचा आधी तापवून कोरडा करणे, चेहऱ्यावर पूर्ण ढाल, कातडी एप्रन आणि बुटांवरून उतरणारी पँट एवढ्याने हा अपघात टळतो. पावसाळ्यात गळके छप्पर असलेल्या शेडमध्ये हे काम करूच नये.

आणि आता अ‍ॅस्बेस्टॉस. याबद्दल बोलायला कोणी तयार नसते. जुन्या इंजिनाच्या बाहेरच्या रंगीत पत्र्याखाली बॉयलरला उष्णतारोधक पांघरूण असते, आणि कित्येक इंजिनांत ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या गाद्यांचे किंवा लेपाचे होते. स्मोकबॉक्सच्या (पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीच्या) दाराची दोरी, सांध्यांचे पुठ्ठे, नळ्यांवरची गुंडाळी, सगळीकडे तेच. बागेत किंवा स्टेशनसमोर तीस वर्षे उभे असलेले इंजिन ‘पुन्हा जिवंत’ करायला आणतात, तेव्हा पहिल्याच दिवशी पत्रे काढले जातात आणि वाळून भुगा झालेले हे पांघरूण फावड्याने ओढून झाडले जाते. त्याची धूळ दिसते त्याहून दिसत नाही तीच जास्त घातक. रोग दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. तोवर कारागीर निवृत्त होऊन गावी गेलेला असतो आणि गावचा डॉक्टर दम्याचे औषध देत राहतो.

हे काम करायची रीत ठरलेली आहे. पत्रा काढण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. अ‍ॅस्बेस्टॉस निघाले तर ती जागा प्लास्टिकच्या पडद्याने बंद करायची, थोडा साबण मिसळलेल्या पाण्याने पांघरूण पूर्ण भिजवायचे, हाताच्या हत्याराने तुकडे कापून काढायचे, दुहेरी पिशवीत बांधून वर नाव लिहायचे. ग्राइंडर नको, हवेची फुंकर नको, कोरडा झाडू तर नकोच. कापडी रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क येथे निरुपयोगी आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. कामाचे कपडे तेथेच उतरवून अंघोळ करून घरी जायचे. ते कपडे धुणारी बायको आणि अंगाला बिलगणारे मूल यांनाही हा रोग होऊ शकतो. नव्याने सिरॅमिक तंतूंचे पांघरूण घालत असाल तर तेही मास्कशिवाय कापू नका.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. हीच मुदत इंजिनाची गादी हाताने सोलणाऱ्यालाही लागू करावी, मग तो कायम कर्मचारी असो की ठेकेदाराने दोन महिन्यांसाठी आणलेला मजूर. हल्ली हे काम बहुतेक ठेकेदाराच्या मजुराच्याच वाट्याला येते, आणि त्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसते.

शेवटचा मुद्दा माणसांचा. १९९० मध्ये अठराव्या वर्षी उमेदवारीला लागलेला मुलगा २०३२ मध्ये साठीचा होईल. नियमित वाफेच्या काळात शिकलेली ही जवळजवळ शेवटची तुकडी. दार्जिलिंगच्या बी वर्गातली तीन इंजिने एके काळी खुद्द तिंधारियात बांधली गेली होती, एवढे कसब एका डोंगरी कारखान्यात होते. आज डिझेलच्या कामावरून चार दिवसांसाठी बोलावलेल्या फिटरला स्टे ठोकायला सांगितले जाते. त्याला बद्द आवाज ओळखता येत नाही, गरम कमानीचा अंदाज येत नाही, आणि विचारायला शेजारी कोणी नसते. वारसा इंजिन चालवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तरुण कायम याच कामावर, जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली निदान तीन वर्षे ठेवावेत, आणि निवृत्त बॉयलरमेकरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. ज्या संस्थेला हा खर्च, ही व्यवस्था आणि इंजिन निवायला लागणारा वेळ परवडत नसेल, तिने इंजिन रंगवून, सावलीत, थंड ठेवावे. तोही वारसाच आहे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी वाफेच्या इंजिनाला हिरवा झेंडा दाखवला जाईल, तेव्हा छायाचित्र जरूर घ्या. त्याच दिवशी शेडच्या फोरमनकडे तीन कागदही मागा: बॉयलर निवायला किती तास दिले ते दाखवणारी धुलाईची नोंदवही, पांघरुणाच्या नमुन्याचा अहवाल, आणि कामावरच्या लोकांच्या या वर्षीच्या श्रवणचाचण्या. कागद मिळाले तर ते छापा, आणि मिळाले नाहीत तर तेही छापा.

आपले,
वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीचे काम जाणणारे काही निवृत्त कारागीर